अर्धी माझी, अर्धी तुमची

विहीणबाई, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि केतकी फोटो बघते आहे.

रोज बघते. ऑफिसचं काम संपलं की लॅपटॉप मिटायच्या ऐवजी त्यातच तुमचे फोटो उघडते. एकेक मोठा करते, तुमच्या चेहऱ्याशी नेते, हातांशी नेते, मग पुढचा. मी समोर रेवाला वरणभात भरवत बसलेली असते. केतकी एखाद्या फोटोशी रेंगाळली की माझा हात घासासकट हवेत थांबतो आणि रेवा चमचा आपटायला लागते. तुमची लेक कुठल्या फोटोपर्यंत येणार आहे ते मला ठाऊक आहे. ती ओळीने चालली आहे. काल तिचा जुलै संपला.

तुमच्या अभिजितने नागपूरच्या पेपरात दिलेलं वाचलं. शाळेतली नोकरी, महिला मंडळ, पश्चात मुलगा, मुलगी, जावई, नात. सगळं बरोबर आहे. त्यात विहिणीचा उल्लेख नाही, तो कुठेच नसतो. मी इथे आयर्लंडात, एनिसला, तुमच्याच खोलीत, तुमच्याच पलंगावर झोपते आहे आणि मला भीती वाटते आहे, हे कोणाला कळायचं कारणही नाही.

आपली ओळख तशी नऊ वर्षांची, पण त्यातली आठ फुकट गेली. त्याला कारण मी. लग्नात मी रुसले होते, आठवतं? विहिणीच्या पंगतीत माझ्या ताटाभोवती रांगोळी होती, पण ती छापाची होती, हाताने काढलेली नव्हती. एवढ्यावरून ती बावन्नकशी मूर्ख बाई, म्हणजे मी, नवी पैठणी नेसून, नथ सांभाळत, जिलबीला हात न लावता बसून राहिली. मुलाची आई ना! तुम्ही धावत आलात, कोणीतरी रांगोळीचा डबा आणला, आणि तुम्ही माझ्या ताटाशी उकिडव्या बसून मोर काढलात. मोर बरा आला नव्हता. कोंबडीसारखा दिसत होता. मी तेवढं बोलूनही दाखवलं. आज ती बाई मला भेटली तर तिच्या नथीला धरून तिला मांडवाबाहेर काढीन.

मग रेवा झाली. परदेशातल्या मराठी घरांत आज्या पाळीपाळीने येतात. आधी मुलीची आई बाळंतपणाला, तिचे तीन महिने भरत आले की मुलाची आई. बाळ तेच, आजी बदलते. तुम्ही डिसेंबरात आलात, मी मार्चच्या सुरुवातीला. मध्ये आठ दिवस एकत्र, मला चार्ज द्यायला. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली, त्यामुळे मी खरोखरच चार्ज घ्यायच्या थाटात आले. हळद कुठल्या डब्यात ठेवलीय ते तपासलं आणि दुसऱ्या दिवशी तुमची सगळी मांडणी बदलली. तुम्ही नव्या मांडणीतून मुकाट डबे शोधत राहिलात. फक्त जिरं सापडेना तेव्हा माझ्याकडे बघून म्हणालात, "पोस्टात पण असंच होत असंल, नाही जी?"

आठ दिवसांचे सात महिने झाले. करोना आला, विमानं थांबली. व्हिसा सरकारने आपोआप वाढवला, पण आपली भीती कोण कमी करणार होतं? दूध आलं की पिशवी साबणाने धुवायची. माझा मंदार दुकानातून आला की त्याला दारातच कपडे बदलायला लावायचे. तुम्ही भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचात आणि मी ती दोनदा धुवायची, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून. घरात अडीच महिन्यांचं बाळ आणि दोन म्हाताऱ्या. केतकी-मंदार आपल्याकडे अशा नजरेने बघायचे की जणू आपण काचेच्या आहोत.

तरीही पोरांनी शनिवार सोडला नाही. आलेल्या आईवडलांना हिंडवायचं हा इथला नेमच आहे. दर शनिवार-रविवारी गाडी काढायची, समुद्र नाहीतर किल्ला दाखवायचा, फोटो गावाकडे पाठवायचे. पण घरापासून दोन किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही असा नियम आला. मग मंदारने फोनवर घराभोवती एक गोल काढला आणि म्हणाला, चला, या गोलात काय काय आहे ते बघू. सहा शनिवार आपण तीच नदी, तोच पडका मठ, तोच बदकांचा कोपरा बघितला. तुम्ही प्रत्येक वेळी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घ्यायचात, जणू माहूरला निघालोय. दोन किलोमीटरला शिदोरी कशाला, म्हणून मी हसायची आणि पहिली पुरी मीच खायची. पुढे पाच झाले, मग वीस. जुलैत सगळा देश उघडला तेव्हा बरेनला गेलो, आणि मैलोन्‌मैल नुसता राखाडी खडक बघून तुम्ही हळूच मला म्हणालात, "एवढ्या दूर दगड पाह्यले आणलं का बापा यांनी?" आणि तासाभराने त्याच दगडांच्या फटीत उगवलेलं एक निळं फूल बघत तुम्ही अशा बसलात की उठेचनात.

तुम्ही या सहलींवर जगत होतात. मला ते दिसत होतं. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी सकाळी मी पुऱ्यांचा डबा भरत होते. तुम्ही प्रेस उघडून उभ्या होतात. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, ते आपल्या दोघींच्याही तोंडी बसलं होतं. त्यात तुमचा वारांच्या खणांचा गोळ्यांचा डबा होता आणि त्याचे सगळे खण रिकामे होते. तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्यात, त्या चार महिने पुरवल्या होत्यात, कशा ते मी विचारलं नाही. नागपूरहून कुरिअर येत नव्हतं. मी म्हटलं, केतकीला सांगा, इथल्या डॉक्टरकडे जाऊ. तुमचा चेहरा असा झाला की जणू मी तुम्हाला स्मशानात चला म्हटलं. दवाखान्यात जाऊन तो रोग घरात आणायचा? तान्ह्या पोरीजवळ? आणि त्यावर हळू आवाजात, जावयाच्या घरी राहून त्यांच्यावर आपलं आजारपण टाकायचं नाही.

हे आपलं जुनं भांडण. ते कधी मिटलं नाही. मी म्हणायची, हे घर केतकीचंही आहे, अर्धा हप्ता ती भरते. तुम्ही म्हणायचात, ते खरं, पण घर जावयाचंच. फ्रिज उघडताना सुद्धा विचारायचात. शेवटचा लाडू कधी उचलला नाहीत. माझ्या मुलाच्या घरी मी राणीसारखी वावरत होते आणि तुम्ही तुमच्या मुलीच्या घरी पाहुण्यासारख्या, आणि मला त्याची मजा वाटत होती, हेही आज लिहून टाकते.

माझ्याकडे सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या. मला आयुष्यभर सगळं जास्तीचं न्यायची खोड. तुमच्या गोळीचं नाव वेगळं, माझ्या गोळीचं वेगळं, पण दोन्ही बीपीच्या. माझी गुलाबी, तुमची पांढरी. मी निर्णय देऊन टाकला की बीपी ते बीपी. दोघींना पुरवायच्या म्हणून मी भाजी चिरायच्या सुरीने गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी माझी, अर्धी तुमची. आपण दोघी हसलो. सासूला न सांगता आइस्क्रीम खाणाऱ्या सुनांसारख्या हसलो. त्यानंतर रोज सकाळी, पोरं कामाला बसली की, आपला तो कार्यक्रम. कधी तुकडा मोठा-लहान व्हायचा तर मी मोठा तुमच्याकडे सरकवायची आणि वर ऐकवायची की मोर नीट काढला असता तर रोजच मोठा मिळाला असता.

चौसष्ट वर्षांची बाई आणि अडुसष्ट वर्षांची बाई. एकीने तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, दुसरीने छत्तीस वर्षं टपाल सांभाळलं. एकीच्याही डोक्यात आलं नाही की हे चूक आहे. किंवा आलं, आणि आपण ते बाजूला ठेवलं.

ऑगस्टमध्ये लूप हेडला गेलो. तिन्ही बाजूंना समुद्र, दीपगृह, आणि असा वारा की माझा पदर रेवाच्या बाबागाडीवरून उडत गेला. पोरं कड्याच्या टोकाशी पक्षी बघायला गेली. तुम्ही दीपगृहाच्या भिंतीला हात लावून थांबलात. मग हात भिंतीवरून खाली घसरला. मी चटई टाकेपर्यंत तुम्ही गवतावर बसला होतात, ओठ पांढरे. म्हणालात, डोळ्यांपुढे काळं आलं. मी पर्समधून माझा त्या दिवशीचा अर्धा तुकडा काढला, घ्यायचा राहिला होता, तो तुम्हाला दिला. पाणी पाजलं. मंदारला हाक मारायला उठले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं नव्हतं तुमच्या हाताला अजून एवढा जोर असेल.

"केतकीला सांगायचं नाही. ते हिंडणं बंद करतील माझं. रेवाच्या डोक्यावर हात ठेवा."

आणि तुम्हीच माझा हात उचलून रेवाच्या टोपीवर ठेवलात. रेवा झोपली होती. मी म्हटलं, ठेवला.

पोरं परत आली तेव्हा मी माझी करामत केली. मी म्हटलं, गप्प बसा, विहीणबाईंना ध्यान लागलंय, समुद्र बघून बाई पोचल्या. मंदार हसला आणि त्याने लांबूनच फोटो काढला. तुम्ही डोळे मिटून, भिंतीला टेकून, हसता आहात. मी बाजूला, पुढाऱ्यासारखी मान वर करून. फोटो मोठा केला तर दिसतं की तुमच्या मुठीत गवत आहे. मुळासकट उपटलेलं.

सप्टेंबरात तुम्ही खास विमानाने गेलात. मी थांबले, कारण रेवाचं पाळणाघर बंद, पोरांचं काम घरातून. नागपूरला तुमचे डॉक्टर रागावले, तुम्हाला पूर्ण गोळी सुरू केली, हे तुम्ही मला फोनवर कुजबुजत सांगितलंत, तेही हसत. चार महिने सगळं ठीक होतं. मग जानेवारीत अभिजितचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव. केतकीने तुमचा निरोप फोनच्या पडद्यावर घेतला, पडदा दोनदा अडकला, आणि मी रेवाला घेऊन जिन्यात उभी होते, कारण तुमच्या लेकीच्या शेजारी उभं राहायला मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी केतकी मला म्हणाली की नागपूरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी अभिजितला विचारलं होतं, मध्ये गोळ्यांत खंड पडला होता का. आई, तुम्ही दोघी एकत्रच असायचात, तुम्हाला काही माहीत आहे का? मी म्हटलं, छे, रोज घेत होत्या, माझ्यासमोर.

खोटं नाही ते. म्हणूनच जास्त वाईट आहे.

मला कशाकशाची भीती वाटते ते सांगते. मी तुम्हाला मारलं याची. त्याहून जास्त, केतकीला ते कळेल याची. या घरातून मी जाऊही शकत नाही, विमान नाही, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचा हुकूम नाही. सून माझ्याशी बोलेनाशी झाली तर मी कुठे जाऊ? बदकांच्या कोपऱ्यात? आणि तिसरी भीती तुम्ही घालून दिलेली. रेवाच्या डोक्यावर हात आहे. मी ग्रहणात भाजी चिरणारी, मांजर आडवं गेलं तर त्याची चौकशी करणारी बाई, आणि आता रेवाला दात येताना कणकण आली तरी मला वाटतं की माझ्या मनात सांगायचं आलं म्हणूनच आली. हसा तुम्ही. हसत असालच.

*

हे वरचं लिहून सहा दिवस झाले.

दुसऱ्याच दिवशी ती त्या फोटोला पोचली. मला पाठमोऱ्या बसलेल्या केतकीच्या खांद्यावरून दिसलं. तिने तो मोठा केला, तुमच्या चेहऱ्याशी नेला, मग हाताशी नेला आणि तिथेच थांबली. मग वळून विचारलं नाही, पडद्याकडेच बघत म्हणाली, "आई, त्या दिवशी तिला काही होत होतं का?"

माझ्या तोंडावर आलं होतं, ध्यान लागलं होतं गं. खरंच आलं होतं. त्याऐवजी मी मंदारला हाक मारली आणि म्हटलं, रेवाला जरा बाहेर हिंडवून आण, स्वेटर घाल. पोर दाराबाहेर गेली, दार लागलं, आणि मगच मी बोलायला लागले. जणू शपथेला कान असतात आणि ते रेवाच्या टोपीखाली असतात.

सगळं सांगितलं. रिकामा डबा, सुरी, गुलाबी गोळी, लूप हेड, माझं मनगट. तुम्ही शपथ घातलीत हेही सांगितलं. मग मला वाटलं की मी तुमच्यामागे लपते आहे, म्हणून पुन्हा सांगितलं की सुरी माझी, कल्पना माझी. केतकी रडली नाही. ओरडलीही नाही. एवढंच विचारलं, की मग आता तुम्ही किती घेता?

मी म्हटलं, अर्धीच. माझ्या बहिणीने पाठवलेलं गोळ्यांचं पार्सल आलंय, पण पुन्हा येईल की नाही कोण जाणे. पुरवून घेते.

ती उठली, कोट घातला आणि निघून गेली. मी खिडकीत उभी राहिले. रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होती, मग दिसेनाशी झाली. मंदार रेवाला घेऊन परत आला, तिला खाऊ घातलं, तरी केतकी नाही. दीड तासाने आली, पँटच्या पायांना चिखल. सरळ रेवाला अंघोळ घातली. पुढचे दोन दिवस माझ्या ताटात ती वाढत होती, चहा देत होती, आणि बोलत नव्हती. विहीणबाई, माझ्या सासूने माझ्याशी अबोला धरला होता, मंदारच्या वडलांनी धरला होता, लग्नाच्या मांडवात मीही धरला होता. हा तसला नव्हता. यात रुसवा नव्हता. ती माझ्याकडे बघायची आणि तिला माझ्यामागे तुम्ही दिसायचात, एवढंच. मी मनात माझी बॅग भरून ठेवली. विमान नसलं तरी भरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा कोट आणून खुर्चीवर ठेवला. म्हणाली, दहा वाजताची वेळ मिळालीय, गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या.

तुम्ही ज्या दवाखान्याला घाबरलात तिथेच मी गेले. बाहेर गाडीत बसून फोनची वाट बघायची, मग एकेकाने आत. मला सोबत लागते म्हणून केतकीलाही सोडलं. खिडक्या सताड उघड्या, मास्कच्या वर डॉक्टरीणबाईंचे दोन डोळे. दंडाला पट्टा बांधला. इथे सगळ्याला ग्रँड म्हणायची पद्धत आहे, पावसाला, चहाला, मोडक्या गाडीला. माझा आकडा बघून त्या ग्रँड म्हणाल्या नाहीत. पूर्ण गोळी, रोज, आणि सुरीला हात लावायचा नाही. ओरडल्या नाहीत, पण मला टपालात तार चुकीची गेल्यावर साहेब बोलायचे तसं वाटलं.

मग केतकीने तुमच्याबद्दल विचारलं. मास्कच्या आत, भराभर, माझ्याकडे पाठ करून. माझी आई इथे पाच महिने अर्धी आणि दुसरीच गोळी घेत होती, नंतर चार महिने नीट घेत होती, आणि आता गेली. त्यामुळे गेली का?

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सांगता येत नाही. चार महिने नीट चालू होती म्हणजे कदाचित नसेल. पण नाहीच असं मी म्हणू शकणार नाही, आणि कोणीच म्हणू शकणार नाही. मला फार वाईट वाटतं.

छत्तीस वर्षं मी इंग्रजीतले पत्ते, तारा, तक्रारी वाचल्या. बोलायची वेळ आली की मी केतकीला पुढे करते, कारण इथले लोक बोलतात ते गाण्यासारखं धावतं आणि माझं तोंड मागे राहतं. पण कळतं मला. ते तर शब्दन्‌शब्द कळलं.

केतकी माझ्याकडे वळली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. तुमचेच डोळे आहेत तिचे, तुम्ही जिऱ्याबद्दल बोललात तेव्हाचे.

"आई, त्या म्हणतायत, त्याचा काही संबंध नाही."

मी मान हलवली. पाकीट पर्समध्ये ठेवलं. बाहेर आलो तर पाऊस भुरभुरत होता. तिने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं, मी बसले, ती दुसऱ्या बाजूने येऊन बसली. मास्क काढला. आरशात बघत नव्हती, कुठेच बघत नव्हती. मी स्वतःला सांगत होते की गप्प बस, तिने दिलंय ते घे, मुकाट्याने घे. पण गप्प बसून काय होतं ते मी लूप हेडला बघून आले होते.

मी म्हटलं, "केतकी, मला इंग्रजी कळतं गं."

तिने काचेवरचा पाऊस पुसायचा दांडा सुरू केला, एकदा फिरू दिला.

"माहितीये," ती म्हणाली, आणि वाकून माझा पट्टा नीट लागलाय का ते बघितलं.